इमिग्रंट की एमिग्रंट? गोव्याहून परदेशी जाणाऱ्यांचे आणि त्यांच्या घरच्यांचे नेहमीचे प्रश्न

आपल्याकडे परदेशाची वाट जुनी आहे. कोणाचे आजोबा आफ्रिकेत होते, कोणाचे वडील जहाजावर तारवटी, कोणाची लेक लिस्बनला, कोणाचा जावई कुवेतला. त्यामुळे फॉर्म, पासपोर्ट, नोटरी आणि झेरॉक्स हे आपले घरचेच शब्द झाले आहेत. तरीही या कागदांत दोन इंग्रजी शब्द असे आहेत की चांगले शिकलेले लोकही त्यांच्यापाशी अडखळतात: इमिग्रंट आणि एमिग्रंट. इंग्रजीच्या वर्गात आणि फॉर्म भरून देताना जे प्रश्न पुन्हा पुन्हा कानावर येतात, ते इथे एकत्र केले आहेत. काहींना एका ओळीचे उत्तर पुरते, काहींसाठी गोव्याचा इतिहास उघडावा लागतो.

या दोन शब्दांत खरोखर फरक आहे का? ऐकायला तर सारखेच वाटतात.

आहे. एमिग्रंट म्हणजे आपला देश सोडून दुसऱ्या देशात राहायला गेलेला. इमिग्रंट म्हणजे दुसऱ्या देशातून इथे राहायला आलेला. माणूस तोच, प्रवासही तोच. बोलणारा कुठे उभा आहे त्यावर शब्द ठरतो. लग्न झालेली मुलगी एका घरची लेक आणि दुसऱ्या घरची सून असते, तसेच हे. पर्वरीहून टोरांटोला जाऊन स्थायिक झालेला मुलगा पर्वरीकरांच्या लेखी एमिग्रंट आणि टोरांटोकरांच्या लेखी इमिग्रंट. कॅनडाचे सरकार त्याच्या अर्जावर एमिग्रंट लिहिणार नाही आणि भारत सरकार त्याची नोंद इमिग्रंट म्हणून ठेवणार नाही.

एकात एक एम आणि दुसऱ्यात दोन, असे का? पाठच करायचे का?

पाठ करण्यापेक्षा समजून घ्या, मग विसरत नाही. दोन्ही शब्द लॅटिनमधल्या ‘मिग्रारे’ या क्रियापदापासून आले. अर्थ, एक ठिकाण सोडून दुसरीकडे जाणे. त्याच्याआधी लागलेले उपसर्ग वेगळे. बाहेर या अर्थाचा ‘एक्स’ लागला तेव्हा म-पुढे त्यातला क्स गळला आणि नुसता ‘ए’ उरला. म्हणून एमिग्रंटमध्ये एकच एम. आत या अर्थाचा ‘इन’ लागला तेव्हा त्यातला न् पुढच्या म-सारखा झाला. म्हणून इमिग्रंटमध्ये दोन. म्हणजे सरळ संधी आहे. सत् आणि मती मिळून सन्मती होते, वाक् आणि मय मिळून वाङ्मय होते, हे शाळेत शिकलेल्याला यात नवल वाटायला नको. इम्मॉर्टल, इम्मोबाइल या शब्दांतही हाच ‘इन’ दडलेला आहे आणि तिथेही एम दोनच.

परीक्षेच्या खोलीत एवढे आठवायला वेळ नसेल तर पहिले अक्षर बघा. ई म्हणजे एक्झिट, आय म्हणजे इन. एवढ्यावर निभावते.

आमचे आजोबा लिसेवमध्ये, म्हणजे पोर्तुगीज काळातल्या सरकारी माध्यमिक शाळेत, शिकलेले. ते दोन्ही शब्द एकाच एमने लिहायचे. त्यांचे इंग्रजी कच्चे होते का?

मुळीच नाही, त्यांचे पोर्तुगीज पक्के होते. पोर्तुगीजमध्ये एमिग्रांत आणि इमिग्रांत हे दोन्ही शब्द एकाच एमने लिहितात. पूर्वी तिथेही दुसऱ्यात दोन एम होते. १९११ च्या लेखनसुधारणेत पोर्तुगीजने अशी बरीच जोडअक्षरे काढून टाकली. इंग्रजीने ती ठेवली. जुन्या घरांतल्या पत्रांत आणि दाखल्यांत एक एम दिसला तर तो चूक म्हणून खोडू नका.

उच्चारात फरक करायचा कसा?

पहिल्या स्वरावर. एक ‘ए’ने सुरू होतो, दुसरा ‘इ’ने. घाईत बोलताना तो फरक पुसला जातो, म्हणून फोनवर सांगताना ‘ई फॉर एलिफंट’ म्हणून मोकळे व्हावे.

दाबोळीवरून परदेशी जाताना ‘इमिग्रेशन’च्या रांगेत उभे करतात. मी तर बाहेर जातो आहे. बोर्ड चुकला आहे का?

हा प्रश्न फार हुशार आहे आणि लहान मुलेही विचारतात. बोर्डावर लिहिलेले असते ते खात्याचे नाव. केंद्रीय गृह मंत्रालयाखाली ब्युरो ऑफ इमिग्रेशन आहे. येणाऱ्यांचे आणि जाणाऱ्यांचे, दोघांचेही पासपोर्ट तपासणे हे त्याचेच काम. दाबोळी असो की पेडण्यातला मोपाचा मनोहर विमानतळ, व्यवस्था तीच. तेव्हा त्या खिडकीसमोर उभे राहिल्याने तुम्ही इमिग्रंट होत नाही, जसे पोलीस ठाण्यात पासपोर्टच्या पडताळणीला गेल्याने कोणी गुन्हेगार होत नाही.

पूर्वी तिथे एक चिठ्ठी भरून द्यावी लागे. परदेशातून परतणाऱ्या भारतीयांची ती २०१४ मध्ये गेली आणि बाहेर जाणाऱ्या भारतीयांची १ जुलै २०१७ पासून बंद झाली. जुन्या प्रवाशांना अजून सवयीने खिशातले पेन चाचपताना बघितले आहे.

पासपोर्टवर ईसीआर लिहून आले आहे. त्यातला ई म्हणजे इमिग्रेशनच ना?

नाही, आणि खऱ्या पैशाचे नुकसान होते ते इथे. ईसीआर म्हणजे एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड. तुम्ही भारताबाहेर नोकरीला निघाला आहात, तेव्हा भारताने आधी तपासणी करायची, असा त्याचा अर्थ. त्या दुसऱ्या देशाच्या इमिग्रेशनशी, म्हणजे व्हिसाशी, त्याचा संबंध नाही. व्हिसा मिळाला म्हणजे सगळे झाले असे समजून तिकीट काढणारे लोक विमानतळावरून परत येतात ते याच गोंधळामुळे. व्हिसा हा सासरचा होकार. एमिग्रेशन क्लिअरन्स ही माहेरची पाठवणी. दोन्ही वेगवेगळी दारे आहेत.

ही तपासणी सगळ्या जगासाठी नाही. ठरावीक १८ देशांत नोकरीसाठी जाणाऱ्या ईसीआर पासपोर्टधारकांना ती लागते. त्यात आपल्या ओळखीची आखाती नावे सगळी आहेत: कुवेत, कतार, ओमान, बहारीन, सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिराती. शिवाय मलेशिया, थायलंड, इंडोनेशिया, इराक, जॉर्डन, लेबनॉन, लिबिया, येमेन वगैरे. पोर्तुगाल किंवा इंग्लंडला जाणाऱ्याच्या पासपोर्टवर ईसीआर असला तरी ही अट आड येत नाही.

दहावी पास असाल तर हा शिक्का लागतच नाही. वय ५० च्या वर असणाऱ्यांना, प्राप्तिकर भरणाऱ्यांना, तीन वर्षांहून जास्त काळ परदेशी राहून आलेल्यांना आणि सीडीसी (जहाजावरच्या नोकरीचे पुस्तक) असलेल्या खलाशांनाही सूट आहे. म्हणून पासपोर्टचा अर्ज करताना दहावीचे प्रमाणपत्र जोडायला विसरू नका. कितीतरी दहावी पास मुलांच्या पासपोर्टवर केवळ एक झेरॉक्स न जोडल्यामुळे ईसीआर बसलेला असतो.

माझ्या पासपोर्टवर ईसीआर पण नाही आणि ईसीएनआर (एमिग्रेशन चेक नॉट रिक्वायर्ड) पण नाही. काहीतरी राहून गेले का?

काही राहिले नाही. २००७ पासून ज्यांना तपासणी लागत नाही त्यांच्या पासपोर्टवर काहीच लिहीत नाहीत. कोरे पान म्हणजे मोकळी वाट. अमुक रक्कम देऊन ‘ईसीएनआर मारून देतो’ म्हणणारा कोणी भेटला तर त्याला चहा पाजून वाटेला लावावे.

मुलगी कोइम्ब्राला शिकायला गेली आहे. ती एमिग्रंट झाली का?

शब्दकोशाप्रमाणे, ती तिथेच राहणार असेल तर हो. शिकून परत येणार असेल तर नाही. कायद्याप्रमाणे मात्र उत्तर साफ ‘नाही’ असे आहे. भारताचा एमिग्रेशन कायदा १९८३ चा. त्यात एमिग्रेशनची व्याख्याच मुळी नोकरीच्या हेतूने भारताबाहेर जाणे अशी आहे. शिकायला, फिरायला किंवा नवऱ्यापाशी राहायला जाणे त्यात बसत नाही. म्हणजे दोन वर्षांच्या करारावर मस्कतला जाणारा सुतार कायद्याने एमिग्रंट आणि कायमची लिस्बनला जाऊन राहिलेली गृहिणी कायद्याने एमिग्रंट नाही. शब्दकोश नेमके उलटे सांगेल. फॉर्मवर शब्द दिसला की तो फॉर्म कोणत्या कायद्याखालचा आहे ते आधी बघावे, शब्दकोश नंतर उघडावा.

भारत एवढा खटाटोप जाणाऱ्यांचाच का करतो? येणाऱ्यांचा नाही?

येणाऱ्यांसाठीही कायदा आहे. १९२०, १९३९ आणि १९४६ चे जुने कायदे आणि २००० चा एक, असे चार एकत्र करून २०२५ मध्ये इमिग्रेशन अँड फॉरिनर्स अ‍ॅक्ट केला आणि तो १ सप्टेंबर २०२५ पासून लागू झाला. पण जाणाऱ्यांची काळजी घेणारा वेगळा कायदा असण्यामागे मोठी कहाणी आहे, आणि या दोन शब्दांतला फरक तिच्याइतका स्पष्ट दुसरीकडे कुठे दिसत नाही.

१८३४ पासून ब्रिटिशांनी करारावर मजूर मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांत पाठवायला सुरुवात केली. करार म्हणजे अ‍ॅग्रीमेंट. त्याचे झाले गिरमिट आणि माणसे झाली गिरमिटिये. बिहारचे लोक बहुसंख्य, पण कोकणातले मराठी लोकही त्यात होते आणि त्यांचे वंशज आजही मॉरिशसमध्ये मराठी म्हणून ओळखले जातात. कलकत्ता, मद्रास, मुंबई या बंदरांत मजुरांना जहाजावर चढवण्याआधी जिथे ठेवत त्याचे नाव एमिग्रेशन डेपो. पोर्ट लुईला जहाज लागले की जिथे उतरवत त्याचे नाव इमिग्रेशन डेपो. इकडच्या अधिकाऱ्याचे पद प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स, तिकडच्याचे प्रोटेक्टर ऑफ इमिग्रंट्स. बोटीत बसताना एक एम असलेला माणूस उतरताना दोन एमचा होत असे!

पोर्ट लुईचा तो डेपो १८४९ मध्ये बांधलेला. आज त्याला आप्रवासी घाट म्हणतात आणि २००६ पासून तो जागतिक वारसास्थळ आहे. १८३४ ते १९२० या काळात जवळजवळ पाच लाख करारी मजूर मॉरिशसला उतरले. नावातला ‘आप्रवासी’ म्हणजे इमिग्रंटच. प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स हे पद भारतात अजून आहे. ईसीआरवाल्यांना क्लिअरन्स देणारा अधिकारी तोच.

मग मराठीत यांना काय म्हणायचे?

सरकारी परिभाषेत इमिग्रंट म्हणजे आप्रवासी आणि एमिग्रंट म्हणजे उत्प्रवासी. १९८३ च्या कायद्याचे हिंदी नाव उत्प्रवास अधिनियम असेच आहे. ‘आ’ म्हणजे इकडे, ‘उत्’ म्हणजे वर, बाहेर. आगमन आणि उड्डाण हे शब्द आठवले की गोंधळ होत नाही. खरे सांगायचे तर या जोडीवर माझा इंग्रजीपेक्षा जास्त जीव आहे, कारण इथे पहिल्या अक्षरातला फरक ऐकूही येतो. पण म्हापशाच्या बाजारात ‘माझा भाऊ उत्प्रवासी आहे’ म्हटलेत तर समोरचा तब्येतीची चौकशी करील. बोलताना ‘परदेशी गेला’, ‘बाहेर असतो’ हेच बरे.

वडील तीस वर्षे कुवेतमध्ये होते. ते तिथले इमिग्रंट नव्हेत का?

भारताच्या बाजूने ते पुरेपूर एमिग्रंट. कुवेतच्या बाजूने त्यांना इमिग्रंट म्हणणे अवघड आहे. इमिग्रंट या शब्दात ‘राहून जाणे’ अभिप्रेत असते आणि आखाती देश परक्या कामगाराला सहसा तशी वाटच ठेवत नाहीत. मुक्कामाचा परवाना नोकरीला बांधलेला, नोकरी कफीलला, म्हणजे हमी घेणाऱ्या तिथल्या मालकाला, बांधलेली. करार संपला, नूतनीकरण झाले नाही, की सामान बांधायचे. तिथे जन्मलेल्या त्याच्या मुलालाही नागरिकत्व मिळत नाही. एक्सपॅट किंवा मायग्रंट वर्कर हे शब्द तिथे चालतात ते यासाठी. हे सोय म्हणून ठीक आहे. पण ज्याने तारुण्य तिथे घालवले त्याला हा व्याकरणाचा मुद्दा कोरडा वाटतो, हेही खरे.

ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेत घेतले तेव्हा लाखाहून जास्त भारतीयांना विमानांनी परत आणावे लागले. त्यात गोव्याची कुटुंबेही होती. घर तिथे, सामान तिथे, पण हक्क म्हणून मागे ठेवण्यासारखे काही नाही. असे परतणे म्हणजे इमिग्रेशन नव्हे. आपल्या देशात परत येणाऱ्या नागरिकाला रिटर्नी किंवा रिटर्न मायग्रंट म्हणतात.

मी क्रूझवर काम करतो. अमेरिकन व्हिसावर ‘नॉन-इमिग्रंट’ लिहिले आहे. मला नाकारले का?

नाही, दिला आहे. अमेरिकेचा १९५२ चा कायदा सगळे व्हिसा दोन गटांत टाकतो: कायमचे राहायला येणाऱ्यांचे इमिग्रंट व्हिसा आणि बाकी सगळ्यांचे नॉन-इमिग्रंट. पर्यटक, विद्यार्थी, जहाजावरचे कर्मचारी, सगळे दुसऱ्या गटात. तारवट्यांचा सी-वन-डी याच गटातला.

मुलाखतीत अधिकारी गावातले घर, बायकामुले, परतीचा बेत विचारतो त्याचे कारणही हेच. बहुतेक व्हिसांसाठी तो कायदा असे धरून चालतो की समोरचा माणूस राहायलाच येतो आहे; तसे नाही हे पटवणे अर्जदाराचे काम. अशा वेळी उत्साहाच्या भरात ‘आय वॉन्ट टु इमिग्रेट’ असे म्हणू नये. इंग्रजी बरोबर असेल, व्हिसा जाईल.

आणि जहाजावर नऊ महिने काढणारा तारवटी नेमका कोण? ना एमिग्रंट, ना इमिग्रंट. जहाज म्हणजे कुठला देश नव्हे. त्याला सीफेअरर म्हणतात आणि तो शब्द चांगला आहे. तारवटी त्याहून चांगला.

आजोबा १९४० च्या सुमारास मुंबईला गेले. ते एमिग्रंट होते का? मुंबई तर आपलीच.

तेव्हा आपली नव्हती. हा प्रश्न मला सर्वांत आवडतो.

१९४० मध्ये गोवा पोर्तुगालचा आणि मुंबई ब्रिटिशांची. पोर्तुगीज हद्दीतले शेवटचे स्टेशन कुळे, पलीकडे ब्रिटिश हद्दीत कॅसलरॉक. मधल्या घाटात देश बदलायचा. त्यामुळे धोबीतलावच्या कुडीत, म्हणजे गावकऱ्यांच्या मुक्कामाच्या क्लबात, राहणारा सासष्टीचा आचारी असो की गिरगावातल्या खोलीत चौघांत राहणारा अंत्रुजमधला, म्हणजे फोंड्याकडचा, कारकून, कागदावर दोघेही परदेशात होते. गोव्याच्या दृष्टीने एमिग्रंट, मुंबईच्या दृष्टीने इमिग्रंट. नात्यागोत्याने, भाषेने, सणावारांनी मात्र एकही पाऊल बाहेर पडलेले नाही.

आता गंमत उलटी करून बघा. १९५१ मध्ये पोर्तुगालने घटनेत बदल करून आपल्या वसाहतींना ‘सागरपार प्रांत’ म्हणायला सुरुवात केली. त्या हिशेबाने गोव्याहून मोझांबिकला गेलेला माणूस हिंदी महासागर ओलांडूनही त्याच देशात राहिला आणि पेडण्याहून सावंतवाडीला गेलेला माणूस परदेशी पोचला. बाजाराला गेलेल्याला एमिग्रंट म्हणत नाहीत हे खरे, कारण राहायला जाणे ही अट आहेच. पण लग्न करून सावंतवाडीला राहिलेली मुलगी त्या शब्दात अचूक बसली असती.

१९५५ मध्ये भारताने आर्थिक नाकेबंदी केली आणि कुळ्याची रेल्वेवाहतूक थांबली. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला. त्या दिवसापासून गोवा ते मुंबई हे एमिग्रेशन राहिले नाही. आजोबा कुठे हलले नाहीत, सीमा हलली. पुढे १९६२ च्या नागरिकत्व आदेशाने, २० डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेले आणि त्यांची मुले-नातवंडे त्या दिवसापासून भारताचे नागरिक मानली गेली. कोणाला नको असेल तर महिन्याभरात तसे लिहून द्यायचे होते.

आफ्रिकेत गेलेल्यांच्या वाट्याला तर हे शब्द दोनदा आले. केनिया, युगांडा, टांगानिका इथे सरकारी कचेऱ्यांत, रेल्वेत गोवेकर होते. १९७२ मध्ये इदी अमीनने युगांडातल्या आशियाई लोकांना ९० दिवसांची मुदत दिली. बरेच ब्रिटनला आणि कॅनडाला गेले. गोव्याचे एमिग्रंट, युगांडाचे इमिग्रंट, मग युगांडातून हाकललेले आणि कॅनडाचे पुन्हा इमिग्रंट.

इन्क्विझिशनच्या, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाच्या, काळात गोवा सोडून गेलेल्यांना एमिग्रंट म्हणावे का?

म्हणता येईल, पण शब्द फिका पडतो. एमिग्रंटमध्ये स्वतःच्या मर्जीचा भाग असतो. जिवाच्या किंवा धर्माच्या भीतीने पळालेल्यासाठी इंग्रजीत रेफ्युजी आहे. तो शब्द रूढ झाला फ्रान्समधून १६८५ नंतर पळालेल्या प्रॉटेस्टंट लोकांमुळे. राज्यक्रांतीत फ्रान्स सोडून गेलेल्या सरदार-दरकदारांना एमिग्रे म्हणत. तो एमिग्रंटचाच फ्रेंच भाऊ, पण राजकीय कारणाने देश सोडलेल्यांसाठीच वापरतात.

गोव्यात इन्क्विझिशन १५६० मध्ये आले. त्या सुमारास माणसे कारवार, मंगळूर, कोचीपर्यंत गेली आणि देवही निघाले. कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळला आला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला. फोंड्याचा तो भाग तेव्हा पोर्तुगीज सत्तेबाहेर होता. जुवारी नदी ओलांडली की राज्य बदलायचे. देवांसाठी इंग्रजी शब्द शोधायच्या भानगडीत मी पडत नाही.

गोव्यात बाहेरून कामाला येतात ते ‘भायले’ म्हणजे इमिग्रंटच ना? पेपरात तसे वाचले.

नाही. बेळगावहून, ओडिशाहून किंवा बिहारमधून गोव्यात आलेला मजूर भारताचा नागरिक आहे आणि भारतातच आहे. तो मायग्रंट. जनगणनेवाले येणाऱ्याला इन-मायग्रंट आणि जाणाऱ्याला आउट-मायग्रंट म्हणतात. २०२५ पर्यंत लागू असलेला १९७९ चा आंतरराज्य स्थलांतरित कामगारांचा कायदाही मायग्रंट हाच शब्द वापरत असे. मराठीत स्थलांतरित. गोव्यातले खरे इमिग्रंट म्हणजे हरमल-मांद्र्याकडे रीतसर परवान्याने वर्षानुवर्षे राहणारे परदेशी. त्यांना मात्र कोणी तसे म्हणत नाही. कोणाला इमिग्रंट म्हणायचे आणि कोणाला एक्सपॅट, हे बऱ्याचदा खिशाकडे बघून ठरते.

भावाने पोर्तुगीज पासपोर्ट घेतला आणि तो स्विंडनला राहतो. तो नक्की कुठला एमिग्रंट?

राहणे कुठून सुटले ते बघा. तो गोव्याहून निघाला, म्हणून भारतातून गेलेला एमिग्रंट. ब्रिटनच्या दारात मात्र त्याने पोर्तुगालचा नागरिक म्हणून पाऊल टाकले, मग पोर्तुगालमध्ये तो आठवडाभर राहिलेला असो वा नसो. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगालचा कायदा ही वाट देतो. ३१ डिसेंबर २०२० पर्यंत युरोपीय नागरिक म्हणून ब्रिटनमध्ये राहायला व्हिसा लागत नव्हता. त्यानंतर नव्याने येणाऱ्या पोर्तुगीज पासपोर्टवाल्याला ब्रिटनचे इमिग्रेशनचे नियम इतरांसारखेच लागू झाले.

दुसरे टोक आणखी चमत्कारिक. परक्या देशाचे नागरिकत्व स्वतःहून घेतले की भारताचे सुटते. दुहेरी नागरिकत्व आपल्याकडे नाही. म्हातारपणी तो ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्ड घेऊन गावातल्या घरी राहायला आला, तर शब्दाच्या काटेकोर अर्थाने तो स्वतःच्या वाड्यावर आलेला इमिग्रंट. ओसीआयने आयुष्यभराचा व्हिसा मिळतो, पण मत देता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. वडिलोपार्जित काजीची बाग वारशाने मिळू शकते, शेजारची विकत घेता येत नाही.

‘एमिग्रेट टु’ चूक आणि ‘एमिग्रेट फ्रॉम’ बरोबर, असे शिकवतात. खरे का?

अर्धे खरे. ‘एमिग्रेट’मध्ये भर सोडण्यावर असतो म्हणून ‘फ्रॉम’ सहज जोडले जाते, पण ‘शी एमिग्रेटेड टु कॅनडा’ हे निर्दोष इंग्रजी आहे. ‘इमिग्रेट’बरोबर ‘टु’ किंवा ‘इन्टु’. संशय आला तर ‘मूव्ह्ड’ लिहावे, सगळे प्रश्न मिटतात.

करमळीच्या तळ्यावर हिवाळ्यात येणारे पक्षी?

मायग्रेटरी. त्यांना ना व्हिसा ना एम मोजायची गरज.

दुकानावर ‘इमिग्रेशन कन्सल्टंट’ असा बोर्ड आहे. त्याच्याकडून दुबईची नोकरी लावून घेतली तर चालेल का?

बोर्ड नीट वाचा, म्हणजे या दोन शब्दांतला फरक किती कामाचा आहे ते कळेल. इमिग्रेशन कन्सल्टंट म्हणजे दुसऱ्या देशाच्या व्हिसाचे कागद करून देणारा. नोकरीसाठी माणसे परदेशी पाठवायची तर १९८३ च्या एमिग्रेशन कायद्याखाली रिक्रूटिंग एजंट म्हणून नोंदणी लागते. पहिल्याकडे दुसरी नोंदणी असेलच असे नाही. भिंतीवर प्रमाणपत्र लावलेले असेल तर त्याचा क्रमांक परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवरच्या यादीत बघावा आणि मुदत संपलेली नाही ना तेही बघावे. नोंदणीकृत एजंटला सेवाशुल्क जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर जीएसटी एवढेच घेता येते, पावती देऊन. ईसीआर पासपोर्टवर जाणाऱ्याला प्रवासी भारतीय विमा योजनेचा १० लाखांचा विमाही काढावा लागतो. त्याचा हप्ता काहीशे रुपयांत आहे, तेव्हा ‘इन्शुरन्सचे वेगळे दहा हजार’ म्हणणाऱ्याला कागद दाखवायला सांगा.

आणि बोर्डावर ई लिहून पुढे दोन एम दिलेले असतील तर तसा शब्द इंग्रजीत नाही. निदान स्वतःच्या धंद्याचे नाव तरी त्याला लिहिता यायला हवे.